खिशातले यंत्र, पाण्यातले यंत्र

कॅमेऱ्याचा इतिहास लिहिणारे बहुधा भिंगांचा आणि फिल्मचा इतिहास लिहितात. फार तर नामवंत छायाचित्रकारांचा. कॅमेरा एरवी कुठे ठेवलेला असे, कोणत्या हवेत तो बाहेर काढता येई आणि त्यामुळे तो हाती असलेला माणूस कुठे उभा राही, हे प्रश्न तांत्रिक तपशिलांच्या गर्दीत मागे पडतात. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ते ओळखीचे वाटावेत. निवेदक किती आहेत आणि निवेदक उभा कुठे आहे, हेच ते प्रश्न. चार वर्षांच्या अंतराने बाजारात आलेले दोन छोटे जपानी डिजिटल कॅमेरे शेजारी ठेवून पाहिले, तर पहिल्याने निवेदकांची संख्या वाढवायला हातभार लावला आणि दुसऱ्याने निवेदकाची जागा बदलण्याची शक्यता निर्माण केली, असे माझे मत आहे. ती शक्यता प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला आली, हा वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न.

पहिला कॅमेरा २००२ सालचा, कॅसिओचा एक्झिलिम ईएक्स-एस१. दुसरा २००६ सालचा, ऑलिंपसचा म्यू ७२० एसडब्ल्यू.

कॅसिओ ही मुळात कॅमेऱ्याची कंपनी नव्हे. काशिओ बंधूंनी १९५७ साली ती उभी केली ती गणनयंत्रांसाठी, आणि पुढची कित्येक वर्षे गणनयंत्र लहान करत नेणे हाच तिचा ध्यास होता. १९८३ साली तिने एसएल-८०० नावाचे गणनयंत्र काढले. त्याची जाडी होती ०.८ मिलिमीटर. व्हिजिटिंग कार्डांच्या गठ्ठ्यात ते हरवून जावे, इतके ते पातळ. गंमत अशी की, त्याच वर्षी त्याच कंपनीने जी-शॉक हे मनगटी घड्याळ आणले. वडिलांनी दिलेले घड्याळ हातातून पडून फुटले, त्या आठवणीतून किकुओ इबे या अभियंत्याने दहा मीटरवरून पडले तरी चालेल असे घड्याळ करण्याचा हट्ट धरला होता. एका घरात एकाच वर्षी दोन विरुद्ध स्वभावांची भावंडे जन्मावीत, तसा हा प्रकार. एक जवळजवळ नाहीसे होऊ पाहणारे, दुसरे काहीही झाले तरी नाहीसे न होणारे. आपल्या दोन कॅमेऱ्यांमधला सगळा वाद बीजरूपाने इथे आहे.

डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा असतो, हे आज कोणाला सांगावे लागत नाही. पण ती सवय सर्वसामान्य ग्राहकाला लावली ती १९९५ सालच्या कॅसिओ क्यूव्ही-१० ने. त्याची चित्रे ३२० बाय २४० बिंदूंची, म्हणजे आजच्या हिशेबाने टपाल तिकिटाएवढी. त्यानंतर सात वर्षांनी ईएक्स-एस१ आला. त्याची जाडी ११.३ मिलिमीटर, लांबी-रुंदी साधारण क्रेडिट कार्डाएवढी. कंपनीने त्याला ‘अंगावर वागवण्याचे कार्ड’ अशा अर्थाच्या नावाने बाजारात आणले. ही जाहिरातबाजी होतीच, पण त्यात एक प्रामाणिक कबुलीही होती: हे यंत्र कॅमेऱ्याच्या पिशवीतून नव्हे, पाकिटाच्या आणि चाव्यांच्या जगातून आले आहे.

पातळपणासाठी काय सोडले ते पाहण्यासारखे आहे. सेन्सर १२ लाख ४० हजार पिक्सेलचा. त्याच वर्षी तीन-चार मेगापिक्सेलचे कॅमेरे सर्रास विकले जात होते. झूम नाही. एवढेच नव्हे, तर फोकस करण्याची यंत्रणाच नाही. भिंग एका जागी पक्के बसवलेले, साधारण एका मीटरच्या पुढचे सारे पुरेसे स्पष्ट दिसेल अशा बेताने. चित्र १२८० बाय ९६० बिंदूंचे, म्हणजे सहा इंच रुंदीच्या कागदावर छापले तर इंचाला जेमतेम २१३ बिंदू. छायाचित्रणाच्या नियतकालिकांनी याला खेळणे म्हटले असते, तर त्यात चूक नव्हती. पण फोकस करायचा नसल्याने या खेळण्याला थांबावे लागत नसे. तेव्हाचे सामान्य डिजिटल कॅमेरे बटण दाबल्यावर अर्धा-एक सेकंद घुटमळत आणि तेवढ्यात मूल हसायचे थांबत असे. ईएक्स-एस१ चा विलंब कंपनीने सेकंदाचा शंभरावा भाग एवढा सांगितला होता. उणीव हाच गुण झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण यंत्रांच्या इतिहासात मला तरी दुसरे चटकन आठवत नाही.

अशा यंत्राने घेतलेले चित्र बेतलेले नसते. समारंभ ठरवून, पोशाख करून, फोटोग्राफरला बोलावून काढलेल्या चित्राचा घाट निबंधाचा. या चित्राचा घाट टिपणाचा, वहीच्या समासात खरडलेल्या ओळीचा. अशा टिपणांना वाङ्मयीन मोल असते की नाही, याबद्दल मराठीत पुष्कळ चर्चा झाली आहे, ती इथे उकरत नाही. पण जो माणूस एरवी काहीच लिहिणार नाही, तो समासात एखादी ओळ लिहितो. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांनी निवेदकांची संख्या वाढवली, ती या वाटेने.

मात्र हा निवेदक कोरड्या जागेतला होता. खिसा कोरडा, ऑफिस कोरडे, उपाहारगृह कोरडे. पाऊस आला की कॅमेरा आत जाई.

आता मधली एक गोष्ट, कारण ती नसती तर दुसरा कॅमेरा घडणे फार अवघड झाले असते. पातळ कॅमेऱ्यात झूम बसवायचा कसा, हा त्या काळचा मोठा पेच होता. झूमचे भिंग नळीसारखे बाहेर येते आणि परत आत जाते. नळीला जागा लागते. पेंटॅक्सने २००३ च्या ऑप्टिओ एस या कॅमेऱ्यात एक शक्कल लढवली: नळी आत जाताना भिंगांचा मधला गट बाजूला सरकतो आणि उरलेले गट एकमेकांना येऊन भिडतात. फडताळात डबे बसवताना गृहिणी जे करते तेच. पण खरी क्रांतिकारक युक्ती त्याआधीच, २००२ च्या सुरुवातीला, मिनोल्टाच्या डिमाज एक्सने केली होती. त्यात प्रकाश पुढच्या खिडकीतून आत येई, लोलकावर आपटून काटकोनात वळे आणि कॅमेऱ्याच्या उंचीच्या दिशेने रचलेल्या भिंगांतून सेन्सरपर्यंत जाई. पाणबुडीच्या पेरिस्कोपची उलटी चाल. तिप्पट झूम, जाडी २० मिलिमीटर, आणि बाहेर काहीच येत नाही.

हे सारे केले ते पातळपणाच्या हौसेखातर, खिशाचा फुगवटा दिसू नये म्हणून. परंतु बाहेर येणारी नळी म्हणजे हलती फट, आणि हलती फट म्हणजे पाण्याला आमंत्रण. ती गेल्यावर कॅमेऱ्याच्या तोंडावर उरते फक्त काचेची एक स्थिर चौकट, आणि स्थिर काच पक्की बंद करणे सोपे असते. दिखाव्यासाठी शोधलेली युक्ती अशा रीतीने जलरोधक कॅमेऱ्याची पूर्वअट ठरली.

पाण्यातला कॅमेरा ही कल्पना अर्थातच जुनी होती. बेल्जियन अभियंता जाँ द वूतेर याने जाक-इव्ह कुस्तोसाठी रचलेला ‘कॅलिप्सो’ हा कॅमेरा १९६० च्या दशकाच्या आरंभी आला आणि १९६३ पासून निकॉनने तो ‘निकॉनोस’ या नावाने बनवला. पण तो पाणबुड्यांचा कॅमेरा. अंतर अंदाजाने ठरवायचे आणि दमही धरायचा.

ऑलिंपसची वाट वेगळी होती. योशिहिसा माइतानी या तिच्या थोर रचनाकाराने १९७९ साली एक्सए नावाचा कॅमेरा केला, त्यामागचा विचार असा की कॅमेऱ्याला वेगळे आवरण लागूच नये. आवरणातून काढेपर्यंत चित्र निघून जाते. शिंपल्यासारखे सरकणारे झाकण हेच त्याचे आवरण. तीच परंपरा १९९१ च्या म्यू मध्ये, पुढे १९९७ च्या म्यू-२ मध्ये आणि २००३ च्या डिजिटल म्यू मध्ये पावसाच्या शिंतोड्यांपर्यंत आली. म्हणजे कॅसिओचा पातळपणा गणनयंत्राकडून आला, तर ऑलिंपसचा काटकपणा ‘आवरण नको’ या आग्रहातून.

२००६ चा म्यू ७२० एसडब्ल्यू हा त्या आग्रहाचा शेवटचा टप्पा: ७.१ मेगापिक्सेल, घडीचे तिप्पट झूम भिंग, तीन मीटर खोल पाण्यात तासभर, दीड मीटरवरून पडले तरी हरकत नाही. जाडी जवळपास २० मिलिमीटर. पातळपणाचा हट्टही त्याने पुरता सोडला नव्हता. जलरोधक छोटे डिजिटल कॅमेरे याआधीही होते. पेंटॅक्सचा ऑप्टिओ डब्ल्यूपी २००५ मध्येच दीड मीटर खोलीपर्यंत उतरला होता. पण पडणे आणि भिजणे या दोन्ही भयांचा बंदोबस्त शर्टाच्या खिशाएवढ्या अंगात एकत्र झाला, तो इथे. त्याची किंमतही मोजावी लागली. भिंग अंधुक, चित्राच्या कडा मऊ, आणि काचेवर पाण्याचा थेंब राहिला तर चित्राच्या मधोमध धुक्याचा एक ठिपका. मला स्वतःला तो ठिपका खटकत नाही. छायाचित्रकार कुठे होता याची ती सही आहे. विचित्र योगायोग असा की घडीच्या भिंगाची वाट दाखवणारी मिनोल्टा, तोवर कोनिकात विलीन होऊन, त्याच २००६ साली कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली.

निवेदकाच्या जागेचा मुद्दा आपल्याकडे किती गंभीर आहे, हे सांगायला २६ जुलै २००५ पुरेसा आहे. सांताक्रूझला त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कॅमेरा कोरडा ठेवायचा तर माणसाला कोरड्या जागी उभे राहावे लागते: गच्चीत, गॅलरीत, उड्डाणपुलावर. तिथून दिसतो तो पूर. छातीभर पाण्यात चालणाऱ्याला जे दिसते ते वेगळे असते, पुढच्याच्या पाठीवरचे दप्तर, दोरी, पायाखाली अंदाज न येणारे उघडे गटार. भातलावणीच्या चित्रांचेही तेच. वाकलेल्या बायांची रांग, मागे डोंगर, वर ढग. चित्र बहुधा बांधावरून घेतलेले. चिखलात उभ्या असलेल्या बाईने वर पाहून बांधावरच्या माणसाचे चित्र घेतले, असे आपल्या संग्रहांत किती वेळा सापडते? १९७८ मध्ये ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी वाचकाला जो धक्का बसला, त्यातला काही भाग निवेदक कुठून बोलतो याचा होता. यंत्राची आणि आत्मकथनाची तुलना फार ताणू नये. भाषा कोणी विकत घेत नाही, कॅमेरा घ्यावा लागतो.

आणि नेमके तिथेच जलरोधक कॅमेऱ्याचे पाऊल अडखळते. तो विकला गेला पोहण्याच्या तलावावर, बर्फाच्या उतारावर, समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीत. ज्यांचे काम पाण्यात चालते त्यांच्यासाठी तो बनवलेला नव्हता. कामाच्या जागेसाठी कॅमेरा बनवण्याचा विचार जपानमध्ये झाला होता, पण त्याचे नावच बोलके आहे. कोनिकाने १९८८ मध्ये पाणी-धूळ-धक्के सोसणारा एक फिल्मचा कॅमेरा आणला आणि त्याचे नाव ठेवले ‘गेन्बा कांतोकू’. याचा अर्थ कामाच्या जागेवरचा पर्यवेक्षक. आपल्या बोलीत मुकादम. जपानमध्ये सार्वजनिक बांधकामाच्या टप्प्याटप्प्याची छायाचित्रे नोंद म्हणून सादर करावी लागतात, त्यासाठी हा कॅमेरा. यंत्र चिखलात उतरले खरे, पण ते मुकादमाच्या हातात.

पुढचा इतिहास भरभर संपतो. जपानी कंपन्यांचे डिजिटल कॅमेरे २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक रवाना झाले. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या आत होता. खिशातला पातळ कॅमेरा फोनने आधी गिळला, कारण खिसा एकच होता. कॅसिओने २०१० च्या सुमारास ईएक्स-जी१ हा तीन मीटरपर्यंत पाण्यात चालणारा कॅमेरा आणून १९८३ ची दोन भावंडे एका अंगात नांदवण्याचा प्रयत्न केला, तरी २०१८ मध्ये तिला छोट्या कॅमेऱ्यांचा धंदा बंद करावा लागला. जलरोधक कॅमेरा तुलनेने जास्त टिकला, कारण फोन भिजायला बराच काळ भीत होता. २०१३ चा सोनी एक्सपिरिया झेड, २०१६ चा आयफोन ७ अशा टप्प्यांनी ती भीती कमी झाली. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेला. त्या कंपनीने २०२३ मध्ये काढलेला टीजी-७ पंधरा मीटर खोल जातो, पण त्याची जाडी ३२ मिलिमीटरच्या वर आहे. पातळपणाचा मोह त्याने सोडून दिला आहे. उलट २००२ च्या आसपासचे पातळ कॅमेरे अलीकडे तरुण मुले जुन्या बाजारातून शोधून घेतात, त्यांच्या चित्रांतल्या कच्चेपणासाठी.

पेंटॅक्सच्या आणि पुढे रिकोच्या जलरोधक कॅमेऱ्यांत ‘रिपोर्ट’ नावाची एक सोय असे. कामाच्या अहवालाला जोडायची चित्रे तिच्यात घ्यायची. सेन्सर कितीही मोठा असला, तरी त्या सोयीत चित्र निघे ते १२८० बाय ९६० बिंदूंचे, नेमके ईएक्स-एस१ च्या चित्राएवढे.