घरी काडतूस भरताना ‘दारू’ : एक तळटीप

१. दारू : मूळ पुस्तकात लेखकाचा रोख बंदुकीच्या काळ्या दारूकडे नाही, तर धूरविरहित दारूकडे आहे. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू बनवली. आज अमेरिकेतले हौशी नेमबाज काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्यांत रायफलीसाठी भरतात ती याच प्रकारची. तिची निवड प्रामुख्याने जळण्याच्या वेगावर ठरते. मोठी पुंगळी आणि जड गोळी असेल, तर सावकाश जळणारी दारू लागते. म्हणजे गोळी नळीतून पुढे सरकत असताना दाब हळूहळू चढतो. याउलट पिस्तुलाची झटपट जळणारी दारू थोडीच लागत असल्याने रायफलीच्या पुंगळीत तळाशीच राहते. त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी नजरेस येत नाही आणि बंदूक फुटू शकते. म्हणून वजन ग्रेनमध्ये (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड) काटेकोर तोलतात आणि उत्पादकाच्या छापील कोष्टकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करतात. काळी दारू आणि धूरविरहित दारू एकमेकींच्या जागी कधीही वापरू नयेत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. — संपादक