मागच्या रांगेतला ट्राँबोन

नांदेड-लातूरकडच्या लग्नाच्या वरातीत पितळी वाद्यांचा बँड वाजू लागला, की सर्वांचे लक्ष गाण्याची चाल धरणाऱ्या ट्रंपेटकडे किंवा क्लॅरोनेटकडे जाते. आणि त्या चालीच्या खालून जो भरदार, किंचित घोगरा आधार सतत मिळत असतो, तो देणाऱ्या ट्राँबोनवाल्याचे नाव विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. सुपारी बँडमास्तरच्या नावाने ठरते, बिदागीही त्याच्याच हाती पडते, आणि तिच्यातील आपला वाटा घेऊन साथीदार पहाटे घरी परततो.

ही उपेक्षा एकट्या मराठवाड्यातली नव्हे. १९३५ ते १९४५ या दशकात अमेरिकेत स्विंग संगीताला जो बहर आला, त्यातही कीर्ती वाद्यवृंदाच्या नायकाच्याच वाट्याला आली. पोर्टो रिकोचा हुआन टिझोल १९२९ साली ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात दाखल झाला. ट्राँबोनच्या नेहमीच्या प्रकारात सरकती नळी असते. तिची सात ठिकाणे असली, तरी नळीवर त्यांची खूण नसल्याने वादकाला केवळ कानाच्या भरवशावर सूर गाठावा लागतो. टिझोल मात्र कळा दाबून वाजवावयाचा ट्राँबोन वाजवी, आणि शिवाय एकेका वादकाच्या वाट्याचे स्वरलेखन उतरवून काढण्याचे किचकट कामही करी. १९३६ सालची ‘कॅरव्हान’ ही रचना मूळची त्याची. पण रसिकांच्या तोंडी ती एलिंग्टनची म्हणूनच राहिली.

हे संगीत मुंबईस आले ते ताजमहाल हॉटेलमार्गे. १९३५ साली लिऑन ॲबीचा वाद्यवृंद तेथे वाजला, पुढे टेडी वेदरफर्ड आला, आणि चर्चच्या शाळांत बालपणीच स्वरलेखन वाचावयास शिकलेले गोमंतकीय वादक अशा वाद्यवृंदांत सहज सामावले गेले. हळदोण्याचा आंतोनियो वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मशहूर झाला तो याच काळात. १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला, हॉटेलांतील रात्री ओसरल्या, आणि या मंडळींनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात अधिकच आश्रय शोधला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतोही, परंतु श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई आणि त्याच्यामागे बसलेल्या वादकांचे येत नसे. या अन्यायाची भरपाई आता व्हावयाची ती कशी?

मराठवाडा त्या हॉटेलांच्या बहराच्या काळात या साऱ्यापासून दूर, निजामाच्या अमलाखाली होता. नांदेडला हैदराबाद-मनमाड मीटरगेज, लातूरला १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी, एवढाच काय तो बाहेरचा संबंध. परंतु बोलपट आले, १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली, आणि ज्या चालींत मुंबईच्या गोमंतकीय वादकांनी स्विंगचा डौल मिसळला होता, त्याच चाली येथील बँडवाल्यांनी कागदाच्या मदतीवाचून, निव्वळ कानाने उचलल्या. सनई-हलगीच्या जोडीला आणि पुष्कळदा तिच्या जागी पितळी वाद्ये आली. या वाद्यांचे मोठे आगर म्हणजे मेरठ. तेथे नादिर अली यांनी १८८५ साली या धंद्याचा पाया घातला. गर्दीच्या रस्त्यात चालता चालता नळी पुढे सरकवणे अडचणीचे, म्हणून आपल्याकडच्या बँडांत कळांचा ट्राँबोन रूढ झाला. टिझोलच्या हाती होते त्याच जातीचे वाद्य घेऊन आमचा माणूस वरातीत चालत राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दफ्तरे जमाबंदीची आणि सनदांची असतात, त्यांत अशा वादकाला जागा नसते. साथीदाराचे नाव टिकते ते घरच्या आठवणीत, आणि ती एका पिढीपुरतीच असते. म्हणून नांदेड-लातूरच्या वाचकांना माझी विनंती आहे, की घरातील जुन्या लग्नाच्या छायाचित्रात बँड दिसत असेल, तर गावातील वृद्धांना विचारून त्यातील प्रत्येक वादकाचे नाव, त्याचे गाव आणि त्याचे वाद्य पाठीमागे शाईने लिहून ठेवावे, आणि आरंभ मागच्या रांगेपासून करावा.