एअरोटरची वंशावळ

चाळीसगाव तालुक्यातले पाटणे बहुतेकांना पाटणादेवीच्या मंदिरामुळे आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या शिलालेखामुळे ठाऊक असते. पुरातत्त्वाचे अभ्यासक ते आणखी एका शोधासाठी ओळखतात. १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. हे कवच पातळ आणि ठिसूळ असते. जोर जास्त झाला की तडकते, कमी पडला की भोक पडत नाही. तरीही त्या कारागिरांनी छोट्या चकत्यांना मधोमध नेमके भोक पाडले होते. कठीण वस्तू न फोडता तिच्यात भोक पाडण्याचे कसब खानदेशात इतके जुने आहे.

जळगावच्या रिंग रोडवर किंवा धुळ्याच्या देवपुरात दातांच्या दवाखान्याबाहेर बसले की आतून जो बारीक, चिरका आवाज येतो, तो याच कसबाच्या सर्वांत अलीकडच्या वारसाचा. डॉक्टर त्याला एअरोटर म्हणतात, त्याच्या सगळ्या भाऊबंदांना मिळून हँडपीस म्हणतात आणि पेशंट नुसते ‘मशीन’ म्हणतो. हे मशीन दिवसभर डॉक्टरांच्या हातात दिसते. पण ते धुणे, त्याला तेल देणे, पाऊचमध्ये भरून वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला लावणे आणि पुढच्या पेशंटसाठी तयार ठेवणे ही कामे असिस्टंटची. म्हणून त्याची वंशावळ आधी असिस्टंटने वाचावी असे मला वाटते. या घराण्यात प्रत्येक पिढीने वेग वाढवला आणि प्रत्येक वेळी त्या वेगाची निगा राखणाऱ्या हातांची जबाबदारीही वाढली.

कमान आणि सामता

दातात यंत्राने भोक पाडल्याचा फार जुना पुरावा बलुचिस्तानातील मेहरगढचा. तिथल्या दफनभूमीतील नऊ प्रौढ माणसांच्या अकरा दाढांत कोरलेली भोके आढळली. ती साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांवरचा अभ्यास २००६ साली ‘नेचर’मध्ये आला. भोकांच्या कडा चावून चावून झिजलेल्या होत्या, म्हणजे भोक पाडल्यावर ही माणसे जगली आणि जेवली. अभ्यासकांनी गारगोटीचे टोक लावलेला कमानीचा सामता बनवून पाहिला, तर दाताच्या कठीण आवरणात तसे भोक एका मिनिटाच्या आत पडले. मेहरगढला मण्यांचे कारागीर होते. मण्याला भोक पाडणारे हत्यारच दाताकडे वळले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

सामता आपल्याकडे सुताराच्या हत्यारांत होता. दांड्याला दोरीचा वेढा द्यायचा, कमान पुढे-मागे ओढायची आणि टोक फिरत राहायचे. जळगावच्या सराफ बाजाराची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. तिथे दागिन्यात बारीक भोक पाडायला आज कारागिराच्या हाती विजेच्या मोटरवर चालणारा हँडपीस असतो. तो दंतवैद्याच्या मायक्रोमोटरचा सख्खा नातेवाईक आहे. कवळी घासणाऱ्या डेंटल लॅबमध्येही तोच भेटतो.

कमानीची अडचण उघड होती. एक हात कमान ओढण्यात गुंतला, की तोंडात काम करायला एकच उरतो. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८च्या आपल्या ग्रंथात कमानीवर फिरणारे असे हत्यार वर्णन केले. दंतवैद्यकाला शास्त्राचे रूप देणारा हा माणूस, पण त्याच्याही हाती पाषाणयुगातल्याच तत्त्वावरचे यंत्र होते.

हातातून पायात

हात मोकळे केले ते पायाने. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी १७९०च्या सुमारास आईचा पायाने चालणारा चरखा घेऊन त्यावर दात कोरायचे यंत्र बसवले. इंग्लंडमध्ये जॉर्ज फेलोज हॅरिंग्टन यांनी १८६४ साली घड्याळासारखी चावी देऊन फिरणारे यंत्र काढले. मग १८७१ साली जेम्स मॉरिसन यांनी पायपट्टीवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. शिलाई मशीनचे तत्त्व दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी आले आणि दात कोरणे हे रोजच्या दवाखान्याचे काम झाले. त्याआधी बरेचसे कोरणे हाताने, बोटांत फिरवायच्या अवजारांनी होत असे.

विजेवरच्या यंत्राचे पेटंट जॉर्ज ग्रीन यांनी १८७५ साली घेतले. पण घरोघरी वीज नव्हती आणि यंत्रही जड होते. १९१४च्या सुमारास विजेची यंत्रे मिनिटाला ३ हजार फेऱ्यांपर्यंत पोचली. मोटरीपासून हँडपीसपर्यंत सांध्यासांध्याच्या दांडीवरून दोरीचा पट्टा फिरत यायचा. हा वेग दाताला पुरेसा नव्हता. बर, म्हणजे कोरणारे टोक, जोराने दाबावा लागे, कवटीपर्यंत हादरे बसत आणि घर्षणाने दात तापे. दंतवैद्याची भीती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, तिचे एक मोठे कारण हा कमी वेग होता.

मधल्या काळात बर सुधारले. १९३०च्या दशकात हिऱ्याचे कण बसवलेले बर आले, त्यानंतर टंगस्टन कार्बाइडचे. टोक कठीण मिळाले, आता ते झपाट्याने फिरवणारी शक्ती हवी होती.

पाणी, मग वारा

उत्तर दोन दिशांनी आले. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या दंतविद्याशाखेचे अधिष्ठाता जॉन वॉल्श यांनी १९४९ साली दाबाच्या हवेवर फिरणाऱ्या हँडपीसचे पेटंट मागितले. अमेरिकेत रॉबर्ट नेल्सन यांच्या गटाने १९५३ साली पाण्याच्या दाबावर फिरणारे चाक बनवले, ते मिनिटाला सुमारे ६१ हजार फेऱ्या घेई. १९५७ साली वॉशिंग्टन शहरातले दंतवैद्य जॉन बोर्डेन यांचा ‘एअरोटर’ बाजारात आला आणि वेग एकदम अडीच-तीन लाखांवर गेला. हेच व्यापारी नाव पुढे भारतातल्या दवाखान्यांत साऱ्या जातीचे नाव झाले. एअरोटरला नळीशी जोडणाऱ्या एका प्रकारच्या जोडाला आजही बोर्डेन म्हणतात.

आत रचना साधी आहे. कॉम्प्रेसरची हवा नळीतून डोक्यात शिरते आणि पाती असलेल्या छोट्या चाकावर आदळते. चाक दोन बारीक बेअरिंगांवर तोललेले असते. मधोमध चक असतो, त्यात १.६ मिलिमीटर जाडीचा बर पकडला जातो. या साऱ्या गाभ्याला दवाखान्यात कार्ट्रिज म्हणतात. ‘कार्ट्रिज गेला’ हे वाक्य प्रत्येक असिस्टंटने ऐकलेले असते, आणि तो बहुधा या बेअरिंगांमुळेच जातो.

वेगाबरोबर उष्णता आली. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवले, की दाताच्या आतल्या जिवंत गराचे तापमान साडेपाच अंशांनी वाढले तर सुमारे १५ टक्के दातांचा गर मरतो. म्हणून एअरोटरच्या डोक्यातून पाण्याचा फवारा उडतो. फवाऱ्याचे एखादे भोक क्षाराने बुजले तर बर कोरडा चालतो आणि वाचवायला आलेला दात आतून मरू शकतो.

भाऊबंद

एका चुलीवरचे हे घराणे आता मोठे झाले आहे. एअरोटर कठीण आवरण कापतो. किडीचा मऊ भाग काढायला, दात घासून चकचकीत करायला कमी वेगाचा कॉन्ट्रा-अँगल लागतो. त्याच्या मागे हवेची किंवा विजेची मोटर असते, विजेची मायक्रोमोटर मिनिटाला ४० हजार फेऱ्यांपर्यंत जाते. कॉन्ट्रा-अँगलवरचा रंगीत पट्टा वेग सांगतो: निळा म्हणजे मोटरीइतकाच, लाल म्हणजे वाढवलेला, हिरवा म्हणजे घटवलेला. रूट कॅनॉलच्या फाइल साधारण ३०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात, तर इम्प्लांटसाठी हाड कोरताना वेग हजाराच्या आसपासच ठेवतात, कारण हाडही तापून मरते.

अक्कलदाढ काढताना साधा एअरोटर वापरू नये, कारण त्याची पुढे सुटणारी हवा कातडीखाली शिरून चेहरा सुजवू शकते. तिथे सलाइनच्या धारेखाली स्ट्रेट हँडपीस किंवा हवा मागे सोडणारा ४५ अंशांचा सर्जिकल हँडपीस लागतो.

लहान डोक्याचा मिनी एअरोटर मुळात मुलांसाठी आणि मागच्या दाढांसाठी. आपल्या भागात त्याला वेगळे काम मिळाले. गुटखा आणि सुपारी चघळून ज्यांच्या गालाच्या आतली कातडी आखडते, त्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण अशी तोंडे दवाखान्यात येतच राहतात. ट्रेमध्ये कोणता हँडपीस काढून ठेवायचा हे पेशंटने तोंड उघडताक्षणी ज्या असिस्टंटला कळते, तिने अर्धे काम सोपे केलेले असते.

वेगाची दुसरी बाजू

१९९० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये एका दंतवैद्याच्या पेशंटना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. ती नेमकी कशी झाली हे सिद्ध झाले नाही, पण सगळ्यांची नजर हँडपीसकडे वळली. हवा थांबताच फिरते चाक क्षणभर उलट ओढ निर्माण करते आणि लाळ, रक्त डोक्याच्या आत जाऊ शकते, हे प्रयोगांतून दिसले. बाहेरून स्पिरिटने पुसलेला हँडपीस आतून स्वच्छ नसतो. १९९३ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दोन पेशंटच्या मध्ये हँडपीस उष्णतेने निर्जंतुक करण्याची शिफारस केली. आता जगभर हाच दंडक आहे.

तेव्हापासून हँडपीसचे भवितव्य सिंकशेजारच्या ओट्यावर ठरते. पेशंट उठला की बर तसाच ठेवून वीस-तीस सेकंद पाणी-हवा सोडून चालवायचा, म्हणजे आत गेलेली घाण बाहेर पडते. मग बर काढायचा, बाहेरून ब्रशने वाहत्या पाण्यात धुवायचा, कोरडा करायचा. बनवणाऱ्याने स्पष्ट सांगितले नसेल तर अल्ट्रासोनिकमध्ये टाकायचा नाही आणि ग्लुटरालडिहाइडच्या द्रावणात बुडवायचा तर कधीच नाही, बेअरिंग तिथेच संपतात. त्यानंतर हवा शिरते त्या भोकात तेलाचा स्प्रे द्यायचा आणि बर लावून जादा तेल निघून जाईपर्यंत चालवायचा. हे तेल आत राहिले तर ऑटोक्लेव्हमध्ये घट्ट होऊन चिकटते आणि दातात गेले तर सिमेंट-फिलिंगची पकड बिघडवते. मग बर काढून पाऊच, आणि १३४ किंवा १२१ अंशांचे चक्र, त्या हँडपीसच्या पुस्तिकेप्रमाणे. सुकण्याचा टप्पा अर्धवट सोडायचा नाही. बाहेर काढलेला गरम हँडपीस नळाखाली धरायचा नाही, आपोआप निवू द्यायचा.

बर पूर्ण आत बसला आहे का, हे ओढून पाहायचे. बोथट बर वापरला की डॉक्टर दाबतात आणि बेअरिंग झिजतात. रिकामा एअरोटर चालवला की चक खराब होतो. चालू हँडपीसचे मागचे बटण पेशंटच्या गालाला दाबले गेले तर ते घर्षणाने तापते. बधिर केलेल्या पेशंटला भाजल्याचे कळत नाही, म्हणून गाल मागे धरणाऱ्या हाताने तिकडे लक्ष ठेवायचे.

खानदेशात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली पाण्याची. बोअरच्या पाण्यातले क्षार फवाऱ्याची भोके बुजवतात आणि ऑटोक्लेव्हच्या टाकीत थर धरतात, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये डिस्टिल्ड पाणीच, आणि युनिटच्या बाटलीतही नळाचे पाणी नको. दुसरी हवेची. कॉम्प्रेसरच्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते, पावसाळ्यात अधिकच. ते रोज संध्याकाळी खालचा नळ उघडून सोडले नाही तर ओली हवा थेट बेअरिंगांत जाते. हवेचा दाबही हँडपीसच्या पुस्तिकेत असेल तितकाच ठेवायचा, जास्त दाबाने काम लवकर होत नाही, कार्ट्रिज मात्र लवकर जातो.

वारसदार कोण

धुळ्याला जवाहर मेडिकल फाउंडेशनचे अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय आहे आणि तिथून शिकलेले डॉक्टर आपल्या तालुक्यांत दवाखाने चालवतात. डॉक्टर शिकून येतात. त्यांच्या शेजारी उभी असलेली मुलगी मात्र बहुधा काम करता करता, पाहून-पाहून शिकते. १९४८च्या दंतवैद्य कायद्याने डॉक्टरांबरोबर डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांची नोंदणी सांगितली, पण खुर्चीशेजारच्या असिस्टंटसाठी त्या नोंदवहीत जागा नव्हती. तीन लाख फेऱ्यांच्या यंत्राची राखणदार अशी नोंदीबाहेर राहिली. हे बदलले पाहिजे.

डॉक्टरांना माझी विनंती आहे: दिवसाला जितके पेशंट, त्या बेताने हँडपीस ठेवा, म्हणजे ऑटोक्लेव्हचे चक्र अर्धवट तोडायची वेळ असिस्टंटवर येणार नाही. पुस्तिका तिच्या हातात द्या आणि प्रत्येक पायरीमागचे कारण सांगा. आणि असिस्टंट ताई-दादांना इतकेच: पाऊच फाडण्यापूर्वी त्यावरची, ऑटोक्लेव्हमध्ये रंग बदललेली पट्टी पेशंटला दाखवा. ती पाहण्याचा त्याचा हक्क आहे, आणि ती दाखवण्यात तुमच्या कामाचा मान आहे.