लेण्याचा भार वाहणारे सहाजण

मी शाळा लवकर सोडलेला माणूस. इतिहास वाचला तो युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. पांडवलेण्यांवर मात्र पुष्कळदा गेलो आहे. एकदा विडीकामगार भगिनींना घेऊन गेलो असता तिसऱ्या लेण्यासमोर एक म्हाताऱ्या बाई थबकल्या. ओसरीच्या तळाशी सहा धिप्पाड पुरुष जमिनीतून अर्धे वर आलेले कोरले आहेत. खांद्यांवर तुळया, तुळयांवर सारे लेणे. बाई म्हणाल्या, "भाऊ, आतले निवांत, अन् ओझं यांच्या खांद्यावर!"

हे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची माता बलश्री हिने, पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी, भिक्षुसंघास दिले. लेखात मुलाच्या पराक्रमाची लांबलचक स्तुती आहे. हे सहाजण कोणी घडविले याविषयी अवाक्षर नाही.

सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा स्वतःस उत्तरेकडील दत्तामित्रीचा 'योनक', म्हणजे यवन, ग्रीक म्हणवितो. त्याच्या पूर्वजांच्या मुलखातील अथेन्सला इ.स.पूर्व 447 मध्ये पार्थेनॉनचे काम सुरू झाले. त्यावर सुमारे 160 मीटर लांबीची देवीची मिरवणूक कोरली आहे : घोडेस्वार, पाण्याचे घडे वाहणारे, बळीची गुरे, अथीनेसाठी विणलेले महावस्त्र, आणि आसनांवर आरामात बसलेले देव. तिचा मोठा भाग आज लंडनला आहे व ग्रीस तो परत मागत आहे.

पण मला अधिक मोह पडतो तो त्याच टेकडीवरील एरेक्थिऑन मंदिराच्या हिशेबाचा. तो दगडावर कोरून चव्हाट्यावर लावला होता. इ.स.पूर्व 408च्या सुमाराच्या त्या नोंदींत शिल्पकारांची नावे आहेत. एका आकृतीस 60 द्राख्मे. खांबांना पन्हळी पाडणाऱ्या गवंड्यांत नागरिक, परदेशी व गुलाम शेजारी शेजारी, आणि रोज सर्वांस सारखाच, एक द्राख्मा. (गुलामाचा रोज धन्याच्या पदरी पडत असणार, हे विसरू नये.)

आपल्याकडे हिशेब नव्हता असे मात्र नाही. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींत 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवल्याचे नमूद आहे. पैकी 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने. त्यातून वर्षावासातील 20 भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी 12. राजाचा जावई विणकरांवर विश्वासून रक्कम ठेवतो, एवढी त्यांच्या संघटनेची पत होती. मी पेन्सिल घेऊन आकडेमोड केली : व्याज वर्षाचे 240, वाटप 240. हिशेब चोख जुळतो. लेणे खोदणाऱ्या पाथरवटाची मजुरी तेवढी त्यात नाही.