मांजराला घर

पुण्याच्या कसबा पेठेत जुना वाडा पाडायला घेतला, की माणसे बिऱ्हाड हलवतात. मांजरे मागेच राहतात. कनवाळू मंडळी ती उचलून आणतात खरी, पण द्यायची कुणाला?

एके काळी हा प्रश्न उलटा होता. १८९७ साली प्लेगने पुणे हवालदिल झाले. उंदरांवरच्या पिसवांतून तो पसरतो, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले. पुढे अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी खेडोपाडी चौकशी केली. ज्या गावात मांजरे पुष्कळ, तिथे प्लेग कमी, असे त्यांना दिसले. १९०८ च्या सुमारास त्यांनी ते छापून मांडले : घरोघर मांजर पाळा! (मांजरालाही प्लेग होतो, हे आज आपण जाणतो, तेव्हा उपाय अर्धामुर्धाच म्हणायचा.)

बुकॅननसाहेबांना घरासाठी मांजर हवे होते. आपल्याला मांजरासाठी घर पाहायचे आहे, आणि ते अवघड. मांजर जागेला धरून असते. नव्या घरी दोन-तीन आठवडे कोंडून ठेवले नाही, तर ते जुन्या वाड्याच्या वाटेला लागते. माणसाला बुजणारे मांजर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रमत नाही. त्याला शेतावरची धान्याची कोठारच बरी. पण ‘उंदीर खाईल की!’ म्हणून उपाशी ठेवणाऱ्याला ते देऊ नका. आणि तिथे उंदरांचे औषध पेरलेले नाही ना, एवढे आधी विचारा.