ग्रीन, नॅथॅनेल
(७ ऑगस्ट १७४२–१९ जून १७८६). अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी. ऱ्होड आयलंडमधील क्वेकर पंथीय घराण्यात जन्म. घरचा धंदा लोहारभट्टीचा, जहाजांचे नांगर घडविण्याचा. किंचित लंगडत असल्याने १७७४ मध्ये स्थानिक पलटणीने त्याला अधिकारपद नाकारले, तेव्हा तो साधा शिपाई म्हणून राहिला. पुढच्याच वर्षी मात्र तो ब्रिगेडियर जनरल झाला. १७७६ मध्ये फोर्ट वॉशिंग्टन राखण्याचा त्याचा सल्ला अंगाशी आला, तरी सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचा त्याच्यावरील विश्वास ढळला नाही. १७७८–८० मध्ये त्याने सैन्याच्या रसदपुरवठ्याची घडी बसविली.

डिसेंबर १७८० मध्ये दक्षिणेतील विस्कटलेली फौज त्याच्या हाती आली. बलाढ्य शत्रूसमोर त्याने ती चक्क दुभागली, इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला डॅन नदीपर्यंत मागे धावायला लावून दमविले. गनिमी काव्याशी परिचित मराठी वाचकाला ही चाल ओळखीची वाटेल. गिलफर्ड कोर्टहाउस येथे (१५ मार्च १७८१) मैदान इंग्रजांनी मारले, पण त्यांचे सुमारे चौथाई सैन्य कामी आले किंवा जायबंदी झाले. हॉबकर्क्स हिल येथेही ग्रीनला माघार घ्यावी लागली. दक्षिणेचा बहुतेक मुलूख तरीही त्याने सोडविला. युद्धखर्चासाठी पत्करलेल्या जामीनकीमुळे तो कर्जात बुडाला. जॉर्जियातील मलबेरी ग्रोव्ह या गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यावर त्याचे निधन झाले.