मुंबई इलाख्यांतील गणिताध्यापनाची सुधारणा व शिक्षकांची तयारी

इंग्रजी अमदानीच्या आरंभींच्या शिक्षणाचा इतिहास लिहितांना इंग्रजी विरुद्ध देशभाषा या वादासच बहुधा अग्रस्थान मिळतें. त्या वादाच्या आड एक दुसरा प्रश्न झांकला गेला आहे, व आमच्या मतें तो अधिक मूलगामी आहे. गणित शिकविणारास स्वतः किती गणित यावें, आणि तें त्यास कोणीं शिकवावें, हा तो प्रश्न होय. १८२२ पासून १८८४ पर्यंतच्या कांहीं प्रसिद्ध घटनांच्या आधारें या प्रश्नाचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम पंतोजींच्या शाळेची स्थिति पाहूं. धूळपाटीवर अंक गिरविणें, नंतर पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांची रोजची उजळणी, व पुढें व्याज आणि जमाखर्च, असा तो क्रम होता. या शिक्षणास तुच्छ लेखण्याची जी चाल पुढें पडली ती आम्हांस मान्य नाहीं. कुळकर्ण्याचें दप्तर व सावकाराची वही याच तोंडच्या हिशेबावर चालत असे. उणीव होती ती अशी कीं, अमुक रीति बरोबर कां, असें विचारण्याची तेथें वहिवाट नव्हती. उलटपक्षीं भास्कराचार्यांची लीलावती व बीजगणित ज्योतिष्यांच्या घरांत शिकविलें जाई. तें पंतोजींच्या ओसरीपर्यंत सहसा उतरत नसे. वरची विद्या व खालची शाळा यांमधील ही दरी इंग्रजांनीं निर्माण केलेली नव्हे. ती त्यांस येथें तयारच मिळाली.

ही दरी बुजविण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईंत झाला. १८२२ सालीं देशी शाळा व शाळापुस्तकें यांकरितां जी मंडळी स्थापन झाली, तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे होते. एतद्देशीय चिटणीसाचें काम सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांजकडे होतें. जर्व्हिस हे लष्करी एंजिनियर. १८१८ त पेशवाईचा मुलूख कंपनीच्या ताब्यांत आला होता, व त्याच्या मोजणीस व बांधकामास माहितगार माणसें हवीं होतीं. १८२३ त निघालेली एंजिनियर इन्स्टिट्यूशन ही शाळा याच गरजेंतून जन्मास आली, हें विसरूं नये. परंतु जर्व्हिस यांची दृष्टि गरजेपुरती राहिली नाहीं. वुलिच येथील लष्करी विद्यालयांत चालणारा चार्लस हटन यांचा गणिताचा ग्रंथ त्यांनीं जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्यानें मराठींत आणविला, व त्यावरच मुलांस मराठींतून शिक्षण दिलें. १८२६ त मंडळीनें तयार केलेले शिक्षक मुंबईहून दक्षिण, कोंकण व गुजराथ येथील शाळांवर पाठविण्यांत आले.

या व्यवस्थेचें मर्म आम्ही असें समजतों कीं, ग्रंथ रचणें, वरचें गणित शिकविणें व शिक्षक तयार करणें हीं तीन कामें तींत एकाच मंडळीच्या हातीं होतीं. शास्त्री आपली परिभाषा घेऊन आला, एंजिनियर आपलें शास्त्र घेऊन आला, आणि दोघांचा मिलाफ शाळेच्या पाटीपर्यंत पोंचण्याची सोय झाली. भाषांतराची भाषा कित्येक ठिकाणीं बोजड होती, व विद्यार्थी बहुशः लेखनवृत्तीच्या जातींतीलच होते, हे दोष खरेच. परंतु मांडणी योग्य होती.

ती पुढें चालविली बाळशास्त्री जांभेकरांनीं. लोक त्यांस दर्पणकार म्हणून स्मरतात. गणिताचा अध्यापक म्हणून त्यांची आठवण क्वचितच होते. १८३४ त ते एल्फिन्स्टन कॉलेजांत असिस्टंट प्रोफेसर झाले. पुढील वर्षीं विलायतेहून गणित व पदार्थविज्ञान यांचे प्रोफेसर ऑर्लिबार आले. बाळशास्त्र्यांनीं ज्यास पुढें कलन म्हणूं लागले त्या विषयावर ‘शून्यलब्धि’ हें मराठी पुस्तक रचिलें. आणि तेच बाळशास्त्री १८४५ त शिक्षक तयार करण्याच्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख झाले. कलनावर लिहिणारा विद्वान् गांवच्या शाळामास्तरास त्रैराशिक कसें समजावून द्यावें हें शिकवीत बसतो, हें दृश्य विचारणीय आहे. दुर्दैवानें १८४६ च्या मे महिन्यांत, ऐन चौतिशीच्या आंतबाहेर, ते वारले.

यानंतर लवकरच हा मिलाफ तुटला. बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें १८४७ च्या सुमारास जो वाद झाला त्यांत अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनीं उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असा पक्ष घेतला. जर्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे देशभाषांच्या पक्षाचे होते. १८५७ त मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर कॉलेजची भाषा निर्विवाद इंग्रजी ठरली. केवळ पेरी यांस दोष देणें न्यायाचें नव्हे. सरकारी नोकरीचा ओढा इंग्रजीकडे होता व लोकांसही तीच हवी होती. परंतु परिणाम असा झाला कीं, कॉलेजांतील गणित इंग्रजींत परीक्षेच्या वाटेनें गेलें, व मराठी शाळेचा मास्तर ट्रेनिंग कॉलेजांत मराठींतून त्याच्या वर्गापुरतें गणित शिकूं लागला. जुनी दरी नव्या नांवानें परत आली.

ती ओलांडणारे एक पुरुष मात्र या काळांत दिसतात, ते केरो लक्ष्मण छत्रे. हे बापू छत्र्यांचे पुतणे व बाळशास्त्र्यांचे शिष्य. १८४० त, वयाच्या पंधराव्या वर्षीं, कुलाब्याच्या वेधशाळेंत ऑर्लिबार यांच्या हाताखालीं लागले. १८५१ पासून पुण्यास शिक्षकांच्या वर्गावर, पुढें ट्रेनिंग कॉलेजांत व शेवटीं डेक्कन कॉलेजांत गणिताचे प्रोफेसर म्हणून त्यांनीं काम केलें. १८६० त त्यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध झालीं. मराठी शाळांकरितां अंकगणिताचें पुस्तकही त्यांनींच लिहिलें. ग्रहगति गणणारा व मुलांचीं उदाहरणें रचणारा हात एकच होता. डेक्कन कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी होते, आणि टिळकांनीं १८८० पासून न्यू इंग्लिश स्कुलांत व मागाहून फर्ग्युसन कॉलेजांत गणितच शिकविलें. १८८४ त केरूनाना निवर्तले. जें कार्य पूर्वीं व्यवस्थेनें होत असे, तें आतां एका व्यक्तीच्या अंगीं उरलें होतें. व्यक्ति गेली तेव्हां तें चालविण्यास व्यवस्था नव्हती.

हा दोष आपल्याच देशाचा होता असें नाहीं. जर्मनींत गटिंगेन येथें फेलिक्स क्लाइन यांनीं १९०८ त भावी शिक्षकांकरितां दिलेलीं व्याख्यानें ग्रंथरूपानें काढिलीं, त्यांत हीच तक्रार आहे. विद्यार्थी विश्वविद्यालयांत येतो तेव्हां शाळेंतील गणिताशीं त्याचा संबंध तुटतो, आणि शिक्षक होऊन शाळेंत परततो तेव्हां विश्वविद्यालयांतील गणिताशीं तुटतो. गणितविद्येंत अग्रेसर असलेल्या देशांत जें १९०८ त सांगावें लागलें, तें मुंबईंत ऐंशी वर्षांपूर्वीं, नांव न देतां, आचरणांत येऊं लागलें होतें.

यावरून आम्ही इतकाच निष्कर्ष काढितों. गणिताच्या सुधारणेची चर्चा आजही पुस्तकें बदलावीं कीं परीक्षा बदलाव्या, येथेंच घोटाळते. जर्व्हिस, बाळशास्त्री व केरूनाना यांच्या कार्यावरून दिसतें तें निराळें आहे. वरच्या वर्गाचा अध्यापक जोंवर खालच्या शिक्षकाच्या तयारीस आपलें काम मानीत नाहीं, तोंवर पुस्तक कोणतेंही असो, शाळेंत उजळणीच चालते.